मुदत जल्मभर, जिल्हा जो असंल तो

अहमदपूरच्या बसस्टँडवर उतरून कुणालाही "अप्पाचं दुकान कुठं?" असं विचारलं, की समोरचा माणूस आधी उलट विचारायचा, "इकत घ्यायचंय का दुरुस्तीला आलाव?" दुरुस्तीला म्हटलं तर रस्ता दाखवायला तो स्वतः उठायचा. विकत घ्यायचंय म्हटलं तर एकदा आपल्याकडे आणि एकदा घड्याळाकडे बघून म्हणायचा, "मग जावा, पर सांज हुईल बगा."

मी तेव्हा पुण्याच्या एका कंपनीचा विक्री प्रतिनिधी होतो. टीव्हीला जोडून खेळायचा व्हिडिओ गेम आम्ही विकायचो. एक काळा डबा, त्याला वायरने लोंबणारे दोन रिमोट आणि वरून खुपसायची कॅसेट, एवढाच सगळा संसार. नांदेड आणि लातूर हे दोन जिल्हे माझ्याकडे होते. देगलूर, धर्माबादपासून थेट निलंग्यापर्यंत जिथे टीव्ही आणि वीज एकाच वेळी सापडतील तिथे हा डबा खपवणं, ही माझी भाकरी. या दोन जिल्ह्यांत मला पन्नासेक दुकानदार भेटले असतील. त्यातले एकोणपन्नास माझ्याकडून माल घ्यायचे आणि विकायचे. पन्नासावे अप्पा.

साठीचा माणूस. पांढरा पायजमा, बंडी, डोक्यावर टोपी, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आणि चष्म्याला दोरा. चार वर्षांत त्यांनी माझं नाव एकदाही विचारलं नाही. मला ते सरळ 'कंपनी' म्हणायचे. "या कंपनी, शरणार्थ. बसा. कंपनीला च्या सांगा." मी एकदा नाव सांगायचा प्रयत्न केला, तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. माणसं बदलतेत. मी नाव पाठ करीन आन् तुमची बदली हुईल." माझ्या आधीचे तिघे खरंच बदलून गेले होते.

त्यांच्याकडून डबा विकत घेणं म्हणजे सोयरीक जुळवण्यापेक्षा अवघड काम. गिऱ्हाईक आलं की अप्पा त्याला स्टुलावर बसवायचे आणि विचारायला लागायचे. टीव्ही कोणत्या खोलीत आहे? घरात म्हातारं माणूस आहे का? त्याची बातम्यांची वेळ कोणती? भावाभावांत भांडण आहे का? असेल तर आधी ते मिटवा, मग या. एकदा जनावरांचे डॉक्टर हौसेनं आले. त्यांची आई संध्याकाळी मालिका बघते एवढं तोंडातून निघालं आणि अप्पांनी हातातला खोका परत फळीवर ठेवला. "पैलं आईला इचारून या." डॉक्टर दुसऱ्या दिवशी आईलाच स्कूटरवर बसवून घेऊन आले. अप्पांनी म्हातारीला अर्धा तास खेळायला लावलं. डॉक्टरांना शेवटपर्यंत रिमोट मिळाला नाही. म्हातारी जाताना म्हणाली, "हे मालिकेपरीस बरं हाय, ह्येच्यात कुणी रडत न्हाई." तेव्हा कुठे विक्री झाली. सोमवारी तर विक्री अजिबात बंद. सोमवार महादेवाचा. दुरुस्ती मात्र सोमवारीही चालू, "कारण दुरुस्ती म्हंजे सेवा हाय."

स्वतः ते दुपारी दुकानातल्या डब्यावर एकच खेळ खेळायचे. त्यात एक बुटका माणूस चालत चालत जातो आणि वाटेत खड्डा येतो. खड्ड्यावरून त्याला उडी मारायला लावायची, एवढंच करायचं. अप्पांचा बुटका खड्ड्याच्या काठापर्यंत यायचा आणि थांबायचा. वेळ संपेपर्यंत तिथेच उभा राहायचा. मी म्हणायचो, "अप्पा, मारा की उडी!" ते म्हणायचे, "खोल किती हाय ते दिसत न्हाई. न बगता उडी मारायला मी काय कंपनी हाय का?" वर्षानुवर्षं तो बुटका काठावर उभा होता.

आता मुख्य गोष्ट सांगतो. आमच्या डब्याबरोबर एक गॅरंटी कार्ड असायचं. त्यावर छापलेलं होतं, 'मुदत: एक वर्ष'. अप्पा निळ्या शाईच्या पेनाने 'एक वर्ष' खोडायचे आणि वर वळणदार अक्षरात लिहायचे, 'जल्मभर'. खाली पत्त्यात 'जिल्हा' अशी जागा होती. तिथे ते लिहायचे, 'जो असंल तो'. मग गिऱ्हाइकाने ते कार्ड मोठ्याने वाचून दाखवायचं. वाचता येत नसेल तर अप्पा वाचायचे आणि त्याने मागून म्हणायचं. शेवटी खोक्याला विभूतीची तीन बोटं. मगच डबा उंबऱ्याबाहेर.

पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला घाम फुटला. "अप्पा, कंपनी एकच वर्ष देते."

"ती कंपनीची जबान. ही माझी."

"पण जल्मभर म्हणजे कुणाच्या जल्मभर? मशीनच्या की गिऱ्हाइकाच्या?"

"मशीनला कुठला आलाय जल्म? माझ्या. मी हाय तवर."

"आणि हा जिल्हा? जो असंल तो?"

अप्पांनी पेनाला टोपण लावलं आणि मला मोसंबीची एक गोष्ट सांगितली. नंतर ती मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नाही.

लातूर जिल्हा नवा झाला त्या सुमाराला त्यांच्या वडिलांची मोसंबीची बाग होती. साठ झाडं. ऐन बहरात पाऊस रुसला आणि त्याच आठवड्यात विहिरीवरची मोटार बंद पडली. मोटार गॅरंटीत होती. वडील कार्ड घेऊन लातूरला गेले. तिथला दुकानदार म्हणाला, कार्डावर जिल्हा उस्मानाबाद आहे, तिकडे जा. वडील उस्मानाबादला गेले. तिथला दुकानदार म्हणाला, अहमदपूर आता आमच्यात नाही, लातूरला जा. लातूरवाला म्हणाला, मग कार्डावरचा जिल्हा बदलून आणा. कार्डावरचा जिल्हा कुठे बदलून मिळतो हे कुणालाच माहीत नव्हतं. जिल्हाच तेव्हा नवा होता, त्याला तरी काय माहीत असणार? वडिलांनी एस.टी.च्या सात फेऱ्या केल्या.

"पाणी हुतं बरं का कंपनी," अप्पा म्हणाले. "हिरीत पाणी हुतं. पाणी खाली, झाडं वर, आन् मधी जिल्हा. साठच्या साठ वाळली. बापानं ते कार्ड देवघरात ठिवलं. मी इचारलं, कामून? म्हणले, ह्येच्यावर कुणीतरी सही केल्ती."

ते बोलताना हसत होते, पण मला हसू आलं नाही. त्या दिवसापासून मी त्यांच्या खोडाखोडीबद्दल पुण्याला एक अक्षर कळवलं नाही. दोनशे अकरा घरांत त्यांचं हस्ताक्षर होतं आणि तो शब्द मोडला असता तर त्या माणसाचं काहीच शिल्लक राहिलं नसतं.

त्या शब्दापायी ते काय काय करायचे! दर पंचमीला विकलेले सगळे डबे दुकानात बोलवायचे. "माल इकला म्हंजे लेक दिली. पंचमीला म्हायेरी नको का यायला?" आणि लोक खरंच यायचे. कुणी टॉवेलात, कुणी दुरडीत, कुणी लुगड्याच्या धडप्यात डबा गुंडाळून रांगेत उभे. अप्पा एकेक डबा उघडायचे, कापसाने पुसायचे, रिमोटखालचं रबर बदलायचे. आत अक्का, म्हणजे त्यांच्या मंडळी, कानवले उकडत असायच्या. "डब्याला काय खाऊ घालताव," त्या चुलीपुढून ओरडायच्या, "आणणाऱ्याला घाला." त्यामुळे काही लोक डबा चांगला असला तरी आणायचे.

अप्पांच्या दुकानात कॅसेटला फुंकर मारायला मात्र बंदी होती. सगळा हिंदुस्थान कॅसेट चालली नाही की फुंकर मारतो. अप्पा म्हणायचे, "तोंडाची वाफ आत जाती, आन् पट्टी सडती." पट्टी म्हणजे डब्यात कॅसेट बसते ती दातेरी जागा. डबा मरायचा तो या पट्टीनेच. बाकी सगळं दुरुस्त व्हायचं, पट्टी नवीच टाकावी लागायची.

आणि मग तो दुष्काळ आला, ज्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. बाजारपेठेतली दुकानं रातोरात बदलली. चपलांच्या दुकानात प्लास्टिकचे ड्रम, पुस्तकांच्या दुकानात घागरी, टेलरच्या दारात हजार लिटरच्या टाक्या. त्यातच हातोहाती मोबाइल आले आणि मोबाइलमध्ये फुकट गेम आले. आमचा डबा सगळीकडे बसला. देगलूरच्या दुकानदाराने तर मला दुकानात शिरू न देता बाहेरूनच नमस्कार केला.

पुण्याला मीटिंग झाली. साहेबांनी पडद्यावर एक रेघ दाखवली. ती डोंगरासारखी वर जात होती आणि मग खाली घसरत होती. मशीनचं वय झालं की असंच होतं, ते म्हणाले, ज्यांना घ्यायचं त्यांनी घेतलेलं असतं, उरलेले नव्या मॉडेलची वाट बघतात. मग त्यांनी दुसरी रेघ दाखवली. ती वरवरच जात होती. "हे अहमदपूर," साहेब म्हणाले. "सगळा महाराष्ट्र पडला, हा एक तालुका चढतोय. दुष्काळात! या माणसाकडे काय जादू आहे ते शोधून लेखी द्या." सगळ्यांनी माझ्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. मी उठून वाकलो. मला काडीचीही कल्पना नव्हती.

अहमदपूरला गेलो तर अप्पा कोरड्या फडक्याने काउंटर पुसत बसले होते. मी त्यांना साहेबांची रेघ कागदावर काढून दाखवली. त्यांनी ती नीट बघितली.

"ह्येच्यात काय नवं हाय? जत्रा हाय ही. पैले येतेत हौसे. मग येतेत नवसे, पोरगं धाव्वी पास झालं तर घिऊ म्हणणारे. मग गवसे, स्वस्तात गावलं तर घिऊ म्हणणारे. गवसे गेले की जत्रा उठती. तुमचा सायेब पगार कशाचा घेतोय?"

"मग तुमची जत्रा कशी उठली नाही?"

"माझी बी उठली की."

"अप्पा, गेल्या वर्षी तुम्ही चाळीस डबे मागवलेत!"

अप्पा पुन्हा काउंटर पुसायला लागले. मी उठलो. दुकानाच्या तीन भिंतींना छतापर्यंत आमचे खोके रचलेले होते. कुठलं मॉडेल जास्त जातं बघावं म्हणून मी एक खोका ओढला. भरल्या खोक्याच्या अंदाजाने जोर लावला होता, तो खोका सरळ माझ्या नाकावर येऊन आदळला. आत काही नव्हतं. दुसरा काढला, तोही रिकामा. तिसरा काढला तेव्हा आतल्या दारातून अक्का म्हणाल्या, "कशाला शोधायलाव? भरलेले दोनच हायत, खालच्या फळीला. ते बी पंचमीपतुर."

मग सगळं कळलं. पट्टी सुटी मिळत नाही, असं कंपनीनं तीनदा लेखी कळवलं होतं. त्यातली दोन पत्रं माझ्याच हातची होती. म्हणून अप्पा अख्खा नवा डबा मागवायचे, तो फोडायचे आणि आतली पट्टी काढून जुन्या डब्यात घालायचे. "नारळातलं पाणी पायजे तर नारळ फोडावाच लागतोय," ते म्हणाले. दोन वर्षांत त्यांनी एकही डबा विकला नव्हता. सगळ्या महाराष्ट्रात विक्री का पडली याचं कारण साहेबांना माहीत होतं. अहमदपूरला ती का चढली याचं कारण हे होतं, की इथं विक्री झालीच नव्हती. अक्कांच्या हातात पूर्वी पाटल्या होत्या, त्या आता नव्हत्या. हे माझ्या ध्यानात त्या दिवशी आलं, याची मला अजून लाज वाटते.

मी अहवाल पुढे ढकलत राहिलो. पण कंपनीनं वाट बघितली नाही. आषाढ संपता संपता पत्र आलं: हा डबा बंद. यापुढे नवं मॉडेल, त्यात कॅसेटच नाही, सगळे खेळ आतच. जुने शिल्लक नग आणि प्रतिनिधीकडचा नमुन्याचा नग पुण्याला परत पाठवावा. ते पत्र अप्पांना द्यायला मी गेलो तो दिवस पंचमीचा होता. आभाळ पांढरंफटक होतं.

दुकानात रांग होती आणि रांगेच्या शेवटी एक निवृत्त तलाठी बसले होते. नोकरीत असताना सातबारा बांधायचे तसल्याच लाल फडक्यात त्यांनी आपला डबा बांधून आणला होता. हे गृहस्थ रोज सकाळी स्नान करून मोटारींच्या शर्यतीचा खेळ खेळायचे. डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणायचे. कोणत्या डॉक्टरांनी, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

मी अप्पांना पत्र वाचून दाखवलं. त्यांनी ऐकलं आणि शेवटच्या दोन डब्यांच्या पट्ट्या पुढच्या दोघांना घालून दिल्या. मग तलाठ्यांची पाळी आली. अप्पांनी डबा उघडला, आत बघितलं आणि तसाच ठेवला.

"पट्टी गेली, तलाठीसाब."

"मग घाला."

"आता न्हाई पट्टी. कुठंच न्हाई."

तलाठ्यांनी फडक्याच्या घडीतून कार्ड काढलं, चष्मा लावला आणि दप्तर तपासावं तसं मोठ्यानं वाचलं, "मुदत, जल्मभर. जिल्हा, जो असंल तो." मग वर बघून म्हणाले, "तुम्ही हाव न्हवं? मी बी हाय. मग मुदत संपली कशी? उदगीर जिल्हा हुणार म्हणतेत, तो अजून व्हायचाय. झाला तरी तुम्ही त्ये बी लिवून ठिवलंय."

अप्पांनी डोक्यावरची टोपी काढून काउंटरवर ठेवली. चार वर्षांत मी त्यांचं डोकं कधी उघडं बघितलं नव्हतं. ते म्हणाले, "बाप बी असाच कार्ड घिऊन बसला हुता."

मी काय करतोय ते मला नीट कळायच्या आधी मी बॅग उघडली होती. आत नमुन्याचा नग होता, पुण्याला परत पाठवायचा. तो मी काउंटरवर ठेवला. "फोडा."

"ह्यो कंपनीचा हाय," अप्पा म्हणाले.

"कंपनी कोण? चार वर्षं तुम्ही मलाच कंपनी म्हणताय. कंपनी देतेय, घ्या!"

अप्पांनी टोपी घातली आणि पेचकस उचलला. तलाठ्यांच्या डब्यात पट्टी बसली, मोटारी धावल्या, आणि ते डबा लाल फडक्यात बांधून कुणाचेही आभार न मानता गेले. त्यांच्या मते तो त्यांचा हक्कच होता. अप्पांनी माझा पोकळ डबा बंद केला, त्यावर तीन बोटं ओढली आणि एक कोरं कार्ड काढलं. 'एक वर्ष' खोडून 'जल्मभर' लिहिलं. "वाचा." मी मोठ्यानं वाचलं. "पीस इथं ऱ्हाऊ द्या. दुरुस्तीला आलाय म्हणून लिवून ठिवतो. पट्टी गावली की कळवतो."

"नाव काय लिहिणार?"

"कंपनी," अप्पा म्हणाले.

पुण्याच्या अहवालात 'विक्री वाढण्याचे कारण' असा रकाना होता. त्यात मी लिहिलं, 'अहमदपूर येथे मशीनला म्हातारे होऊ देत नाहीत.' आणि नमुन्याच्या नगापुढे लिहिलं, 'दुरुस्तीस दिला आहे.' साहेबांनी फोन करून मी शुद्धीत आहे का ते विचारलं. महिन्याभरात माझी बदली झाली, म्हणजे अप्पांचं नाव पाठ न करण्याचं धोरण बरोबरच होतं. मला कंपनीच्या दुसऱ्या खात्यात टाकून पाणी शुद्ध करायची यंत्रं विकायला लातुरात पाठवलं. तिथे तेव्हा नळाला पाणीच येत नव्हतं. लोक दार उघडून माझ्याकडे दयेनं बघायचे.

पुढे ती नोकरी सुटली, मी नांदेडला घरी परतलो. अप्पांचा निरोप काही आला नाही. पट्टी कुठून गावणार? अप्पा गेल्याचं मला त्या जनावरांच्या डॉक्टरांकडून उशिरा कळलं. लिंगायतांच्या रीतीनं त्यांना बसलेल्या अवस्थेतच समाधी दिली होती. मी गेलो तेव्हा दिवस होऊन गेले होते. दुकान उघडं होतं आणि गल्ल्यावर अक्का होत्या. भिंतींवरचे खोके तसेच होते.

काय बोलावं सुचेना, म्हणून मी खिशातून कार्ड काढून त्यांच्यापुढे ठेवलं. म्हणालो, "अक्का, ही मुदत आता संपली म्हणायची."

अक्कांनी अप्पांचा दोऱ्याचा चष्मा लावला, कार्ड वाचलं आणि मागे वळून हाक मारल्यासारखं स्वतःशीच म्हणाल्या, "कंपनीचा पीस." फळीवरून एक खोका काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवला. हा खोका जड होता.

"तयार हाय. दोन म्हयने झाले. कळवायचं म्हणत हुते, पर तुमचं नाव कुणाला ठाव हाय? पत्ता कुणाचा लिवायचा?"

"पण पट्टी कुठून आणली?"

अक्कांनी हनुवटीनं कोपऱ्याकडे दाखवलं. दुपारी अप्पा खेळायचे तो डबा तिथे उघडा पडला होता. आत कॅसेटच्या जागी नुसतं भोक होतं.

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही. अक्कांनी रडू दिलं आणि मग रोखठोक सांगितलं, "तपासून घ्या. न तपासता ह्यांनी कधी पीस दिला न्हाई."

मी डबा टीव्हीला जोडला. कॅसेट एकच होती, अप्पांची. फुंकर न मारता बसवली. बुटका निघाला, चालत चालत खड्ड्यापर्यंत आला, आणि अप्पांसारखाच माझाही अंगठा थांबला. बुटका काठावर उभा राहिला.

"मारा की उडी," अक्का म्हणाल्या. "येवढी वर्सं झाली, एकदा बगू तरी द्या काय हुतंय."

मी बटण दाबलं. बुटक्यानं उडी मारली आणि तो सरळ खड्ड्यात पडला.

अक्का पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "बगा. ह्ये बरुबर म्हणत हुते." मग त्यांनी डबा माझ्या हातातून काढून घेतला, कापसाने पुसला, खोक्यात घातला आणि वर विभूतीची तीन बोटं ओढली.

"पंचमीला घिऊन या," त्या म्हणाल्या. "मी हाय तवर."